न झालेल्या लढाईची गोष्ट

दिवाळीत आमच्या अंगणात किल्ला होतो. आता अंगण राहिलेले नाही, म्हणून तो गॅलरीत होतो, पण होतो. विटा, गोणपाट, चाळलेली माती, वर अळिवाची हिरवळ आणि कुंभारवाड्यातून आणलेले मावळे. तीन-चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत नातवाने हट्ट धरला, की यंदा किल्ल्याच्या पायथ्याशी लढाई मांडायची, आणि तीही अशी की आसपासच्या दुसऱ्या कोणत्याच किल्ल्यावर नसेल. प्रतापगड, पावनखिंड, सिंहगड ही सगळ्यांचीच नेहमीची. तेव्हा त्याच्या थोरल्या बहिणीने संगणकावर शोधाशोध केली आणि मोठ्या ऐटीत एक चिठ्ठी आणून माझ्यापुढे ठेवली : ‘डिचोलीचे युद्ध, १६४०–४१. मराठा साम्राज्य विरुद्ध पोर्तुगीज.’

“आजोबा, ही तुम्ही आम्हांला कधी सांगितलीच नाहीत!”

मी चौतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. आपल्याला ठाऊक नसलेली लढाई आपल्याच नातीच्या हाती लागावी, याची क्षणभर मला लाज वाटली. खोटे कशाला बोलू? मग मास्तरकी जागी झाली. नातवाला म्हटले, “महाराजांचा जन्म १६३० चा. मग १६४० साली ते किती वर्षांचे होते, सांग पाहू?”

“दहा,” तो म्हणाला, आणि त्याचे डोळेच विस्फारले. “म्हणजे माझ्याएवढे?”

“तुझ्याएवढे. मग हे साम्राज्य कोणाचे?”

ते कोणाचेच नव्हते. १६४० साली डिचोली विजापूरच्या आदिलशाहीत होती. शहाजीराजे त्याच आदिलशाहीच्या चाकरीत दूर कर्नाटकात होते. गोव्यातल्या पोर्तुगिजांना त्या दोन वर्षांत वेगळ्याच काळज्या होत्या : डचांची जहाजे गोव्याच्या तोंडाशी नाकेबंदी करून बसत होती, जानेवारी १६४१ मध्ये मलाक्का डचांनी हिसकावून घेतले, आणि तिकडे मायदेशी डिसेंबर १६४० मध्ये पोर्तुगालने स्पेनच्या राजाचे जोखड झुगारले होते. एवढ्या धामधुमीत डिचोलीच्या रानात मराठ्यांशी लढायला त्यांना फुरसत कुठली, आणि लढणार कोणाशी? महाराजांची फौज बारदेशात उतरली ती १६६७ साली. डिचोलीजवळच्या नार्व्याचे सप्तकोटीश्वराचे देऊळ त्यांनी १६६८ साली नव्याने बांधविले. संभाजीराजांनी गोव्याला धडक दिली १६८३ मध्ये. आणि डिचोली पोर्तुगिजांकडे गेली ती त्याच्याही शंभर वर्षांनी, ‘नव्या काबिजादीं’त. पांडुरंग पिसुर्लेकरांचे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ ज्याने नुसते चाळले असेल, त्यालाही हे सांगावे लागणार नाही.

त्या वर्षी किल्ल्यावर शेवटी सिंहगडच झाला. पण माझ्या डोक्यातून डिचोली जाईना. थापा मारणारे जगात पुष्कळ आहेत. पण एखाद्याने इतकी बेतशीर, सनावळीसकट, पुस्तकांच्या आधारासकट थाप का मारावी? आणि ती खपावी कशी? नातीला बरोबर घेऊन मी तिचा माग काढत गेलो, आणि निघालेली हकीगत मूळ लढाईपेक्षा (म्हणजे नसलेल्या लढाईपेक्षा) पुष्कळच सुरस निघाली.

जुलै २००७ मध्ये कोणा एका अज्ञात लेखकाने इंग्रजी विकिपीडियावर हा लेख घातला. साडेचार हजार शब्दांचा. आपल्या मासिकाची आठ-दहा पाने सहज भरतील एवढा. त्यात अघोषित युद्ध होते, दोन्ही बाजूंचे डावपेच होते, शेवटी तह होता, आणि खाली संदर्भग्रंथांची भारदस्त यादी होती. भाषा शुद्ध, सूर संयमी, कोठेही आरडाओरडा नाही. दोन-तीन महिन्यांतच विकिपीडियाच्या परीक्षकांनी त्याला ‘चांगला लेख’ असा दर्जा दिला. हा दर्जा शंभरांत एखाद्याच लेखाला मिळतो. त्याच्याही वरचा दर्जा मिळावा म्हणून अर्ज झाला होता. तो मात्र फेटाळला गेला. पुढे पाच वर्षे ही लढाई तशीच, बिल्ला लावून, जगापुढे उभी होती.

डिसेंबर २०१२ मध्ये एका स्वयंसेवकाने एक साधी गोष्ट केली : संदर्भ म्हणून दिलेली पुस्तके शोधली. ग्रंथालयांच्या याद्यांत पाहिली, पुस्तकविक्रेत्यांच्या याद्यांत पाहिली. ज्या पुस्तकांवर सगळा डोलारा उभा होता, ती पुस्तके कोणी लिहिलीच नव्हती. लढाई तर नव्हतीच, पण लढाईचा इतिहासही नव्हता. त्याने आपला संशय सर्वांपुढे मांडला, इतरांनी शहानिशा केली, आणि वर्ष संपायच्या आत लेख काढून टाकण्यात आला. माझ्या नातीला सापडले ते पान विकिपीडियाचे नव्हतेच. तिथला जुना माल उचलून आपल्या दुकानात मांडणारी पुष्कळ संकेतस्थळे आहेत, त्यांतले ते एक. मूळ विहीर उपसली तरी गावभर भरून ठेवलेल्या घागरींतले पाणी राहतेच की.

आता ज्या परीक्षकाने त्या लेखाला ‘चांगला’ म्हटले, त्याची मला दया येते. बिचाऱ्याने व्याकरण पाहिले, मांडणी पाहिली, प्रत्येक विधानाखाली आधार आहे की नाही हे पाहिले. आधार खरा आहे की नाही, एवढेच पाहिले नाही. मराठी चौथीतल्या पोराला जे सुचले असते ते त्याला सुचले नाही, कारण तो आपल्या चौथीत शिकला नव्हता!

हे सगळे चालते कसे, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे मागे जाऊन सांगतो.

विकिपीडियाचा जन्म एका फसलेल्या उद्योगातून झाला. २००० साली अमेरिकेत जिमी वेल्स यांनी न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश काढला आणि लॅरी सँगर या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला त्याचे संपादक केले. बेत सोवळ्यातला होता. लेख लिहायचे ते विद्वानांनी, आणि प्रत्येक लेखाने तपासणीच्या सात पायऱ्या चढायच्या. परिणाम काय? पहिल्या वर्षात जेमतेम वीसएक लेख पुरे झाले. सात सोवळ्यांतून शिजलेला भात जेवायला बसेपर्यंत पंगत उठून गेली. मग जानेवारी २००१ मध्ये सँगरने एक जोडधंदा सुचवला. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९९५ साली अशी पाने बनवली होती की वाचणाऱ्या कोणालाही ती जागच्या जागी बदलता यावीत. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस धावत असे. हवाई बेटांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘चटचट’. तेच नाव त्याने आपल्या पानांना दिले. अशा चटचट पानांवर कच्चे लेख तयार करावेत आणि मग ते न्यूपीडियाच्या सोवळ्यात न्यावेत, असा विचार होता. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला. दोन-अडीच वर्षांत न्यूपीडिया बंद पडला; ओसरीवर बसवलेला पाहुणा घराचा मालक झाला. आज एकट्या इंग्रजी विकिपीडियात सत्तर लाखांवर लेख आहेत.

माझ्या आजोबांनी हप्त्याहप्त्याने घेतलेले केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे खंड आमच्या माळ्यावर अजून आहेत. तेवीस खंड! श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकून आले आणि १९१६ च्या सुमारास त्यांनी हे शिवधनुष्य उचलले. भागभांडवलाची कंपनी काढली, वर्गणीदार जमवले, गावोगाव हिंडून खंड खपवले. हाताखाली पगारी मंडळी होती. त्यांच्या कामावरून हात फिरवायला स्वतः केतकर. दहा-बारा वर्षांत काम तडीला नेले आणि शरीर झिजवून घेतले. १९३७ साली गेले तेव्हा त्रेपन्न वर्षांचे होते. त्या खंडांतले एखादे विधान चुकले तर कोणाला धरायचे हे आजोबांना पक्के ठाऊक होते. केतकरांना. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला मराठी विश्वकोश उभारला, तिथेही लेखाखाली लेखकाचे नाव असे आणि वर तर्कतीर्थांचा दरारा असे.

विकिपीडियात धरायचे कोणाला? माझ्यासारख्या जुन्या माणसाला पहिली शंका आली ती हीच. आणि ती शंका फिटली असे मी म्हणणार नाही. तिला निराळे उत्तर मिळाले, एवढेच.

ते उत्तर विकिपीडियाच्याही पूर्वीचे आहे. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी शब्दकोश रचताना जेम्स मरे यांनी १८७९ साली साऱ्या इंग्रजी वाचकांना आवाहन केले : पुस्तके वाचा, त्यांत शब्द कसा वापरला आहे ते चिठ्ठीवर उतरवा, आणि चिठ्ठी धाडा. लाखो चिठ्ठ्या आल्या. धाडणाऱ्यांत पाद्री होते, शिक्षक होते, घरबसल्या बायका होत्या. आणि हजारो उत्तम चिठ्ठ्या धाडणारा डॉक्टर मायनर हा तर एका माणसाचा खून करून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेला रुग्ण होता. मरे यांना त्याने अडले नाही. कारण चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव, साल आणि पान असे. कोणाला संशय आला तर त्याने कपाटातून ग्रंथ काढावा आणि पान उघडावे. धाडणारा शहाणा की वेडा, हा प्रश्नच उरत नाही. विश्वास ठेवायचा तो चिठ्ठीवर.

विकिपीडियाचा सारा संसार याच एका खुंटीवर टांगलेला आहे. तिथे तीन नियम कुळाचारासारखे पाळतात. एक, वादाच्या गोष्टीत कोणाची बाजू घ्यायची नाही. कोण काय म्हणतो ते त्याच्या वजनाप्रमाणे सांगायचे. दुसरा, जे लिहाल त्याला प्रसिद्ध झालेला, विश्वासाचा आधार दाखवायचा. आणि तिसरा, आपले स्वतःचे संशोधन तिथे मांडायचे नाही. या तिसऱ्या नियमाशी माझी पुढे जी झटापट झाली ती सांगणार आहेच.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे ऐन महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. तिथल्या मंडळींनी कामाला शब्द मोठे झकास योजले आहेत. हात साफ करायच्या पानाला ‘धूळपाटी’, सर्वांनी जमून बोलायच्या पानाला ‘चावडी’, नासधूस करण्याला ‘उत्पात’, पाने कुलूपबंद करण्याचा अधिकार असणाऱ्यांना ‘प्रचालक’, आणि सांगितलेले काम निमूटपणे करणाऱ्या यंत्राला ‘सांगकाम्या’. धूळपाटी हा शब्द वाचला तेव्हाच माझे अर्धे वैर गळाले.

प्रत्येक लेखाच्या पाठीमागे त्याचा पूर्ण इतिहास असतो : कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला. काहीही खोडले तरी खाली राहतेच, आणि एका टिचकीसरशी जुने रूप परत आणता येते. घाण करायला जेवढा वेळ लागतो त्याहून पुसायला कमी लागतो. बाहेरच्या भिंतींच्या बाबतीत आपल्या नगरपालिकांना हे अजून साधलेले नाही. ज्याला ज्या लेखांची आस्था असेल त्याने ते आपल्या पहाऱ्याच्या यादीत टाकून ठेवायचे. त्यांत कोणी हात घातला की लगेच कळते. कोणी केळ्यांच्या जाती राखतो, कोणी मुघल बादशहा राखतो. शिव्या आणि निरर्थक अक्षरे काढून टाकायला इंग्रजीत २०१० पासून एक यंत्रच बसवले आहे. माणसांनी पाहायचे ते त्याच्या पलीकडचे : फिरवलेली सालं, गाळलेली वाक्ये, हळूच सरकवलेली स्तुती.

आणि प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चेचे पान असते. वाचकहो, विकिपीडिया वाचायचा असेल तर ही चर्चापाने वाचा. लेख त्यांच्यापुढे फिके आहेत. पोलंडमधल्या एका शहराला ग्दान्स्क म्हणावे की त्याच्या जर्मन नावाने डान्झिग, यावर इतकी जुंपली की २००५ साली मतदान घेऊन ठरवावे लागले : १३०८ ते १९४५ या काळाविषयी लिहिताना डान्झिग, एरवी ग्दान्स्क. बेळगावच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. दह्याच्या इंग्रजी शब्दात एक अक्षर असावे की नसावे, यावरचा वाद तर कित्येक वर्षे चालला. अशा वेळी एक नियम उपयोगी पडतो : चोवीस तासांत एकाच लेखात तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लिहिणे उलटवायचे नाही. चौथ्यांदा उलटवाल तर तुम्ही खरे असलात तरी तुम्हांला बाहेर बसवतात. भाऊबंदकीच्या दाव्यांना हा नियम लावता आला असता तर कोकणातली निम्मी न्यायालये ओस पडली असती.

फजितीही कमी नाही. २००५ च्या मे महिन्यात कोणीतरी जॉन सायगेन्थालर या वृद्ध अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात लिहून ठेवले, की केनेडी बंधूंच्या खुनांत त्यांचा हात असल्याचा संशय होता. सायगेन्थालर हे रॉबर्ट केनेडींचे एकेकाळचे सहकारी! हे विष चार महिने तसेच राहिले. त्यांनी नोव्हेंबरात एका मोठ्या दैनिकात आपली व्यथा मांडली तेव्हा जग हादरले. लिहिणाऱ्याने सोबतच्या कामगाराची गंमत करायला ते लिहिले होते म्हणे. त्यानंतर इंग्रजीत अनामिकांना नवे लेख सुरू करण्याची मनाई झाली आणि हयात माणसांच्या चरित्रांना निराळी, कडक शिस्त लागली. हयात माणसाविषयीचे निराधार वाईट विधान दिसताक्षणी काढायचे, चर्चेला थांबायचे नाही.

गमतीचा भाग असा, की त्याच वर्षी डिसेंबरात ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकाने विकिपीडियाचे आणि ब्रिटानिकाचे बेचाळीस लेख तज्ज्ञांपुढे ठेवले. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका, ब्रिटानिकाच्या लेखात तीन. ब्रिटानिकाने या पद्धतीवर पुढे कडाडून टीका केली. मला त्या झगड्यापेक्षा ब्रिटानिकात तीन चुका असतात हेच धक्कादायक वाटले; आजोबांच्या पिढीला ते सांगून पटले नसते.

पुढच्याच वर्षी स्टीफन कोल्बेअर या विनोदी नटाने दूरचित्रवाणीवरून प्रेक्षकांना चिथावले : जा, आणि लिहा, की आफ्रिकेतल्या हत्तींची संख्या सहा महिन्यांत तिप्पट झाली. मंडळी तुटून पडली. हत्तीचे पान कुलूपबंद करावे लागले. हत्ती होते तेवढेच राहिले.

या फजित्या उघड्यावरच्या, म्हणून लवकर निस्तरतात. मला भीती वाटते ती मुक्या फजित्यांची. २००८ साली एका अमेरिकन विद्यार्थ्याने कोआटी नावाच्या प्राण्याच्या लेखात, निव्वळ चेष्टेने, त्याचे एक खोटेच टोपणनाव घुसडले. कोणाच्या लक्षात आले नाही. काही वर्षांत वर्तमानपत्रांनी ते नाव विकिपीडियातून उचलले; आणि मग विकिपीडियाने त्याच वर्तमानपत्रांचा आधार त्या नावाला दिला! वडाची साल पिंपळाला लावली आणि पिंपळाचाच दाखला वडाला. डिचोलीची लढाई आणखी दहा वर्षे राहिली असती तर एखाद्या पाठ्यपुस्तकात उतरली नसती, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे.

आणि मोठ्या भाषांत निदान पाहणारे डोळे हजारो. लहान भाषांत राखणदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियात २०२० साली उघडकीला आले, की तिथले एक तृतीयांशाच्या आसपास लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, आणि त्या मुलाला स्कॉट्स येतच नव्हती. पोराचा हेतू वाईट नव्हता. अडवायला कोणी नव्हते. मराठीत आज लाखाच्या घरात लेख आहेत, पण रोज जागता पहारा देणारी माणसे चावडीच्या पारावर मावतील एवढीच.

ही उणीव भरून काढावी असे वाटून, किल्ला मोडल्यावर कार्तिक महिन्यात मीही सदस्य झालो. नातीने खाते उघडून दिले. धूळपाटीवर चार दिवस अक्षरे गिरवली आणि पहिला मान अर्थातच आपल्या गावाला दिला. गावाच्या लेखात नदी होती, पिके होती, लोकसंख्या होती. मी लिहिले : ‘येथील ग्रामदैवताच्या देवळात शिवाजीमहाराज कोकणच्या स्वारीवर जाताना एक रात्र मुक्कामास होते.’ हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. महाराजांनी घोडा बांधला ते झाडही गावात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो माझ्या वाक्याच्या शेपटाला एक चिमुकली पताका लागलेली : ‘संदर्भ हवा’. चर्चापानावर कोणीतरी नम्रपणे लिहिले होते, की विधान महत्त्वाचे आहे, आधार मिळाल्यास आनंद होईल. मी तडकलो. चौतीस वर्षे शिकवल्याचे लिहिले. उत्तर आले : ‘आपल्या अनुभवाचा आदर आहे. पुस्तकाचे नाव व पान कळवावे.’ मी म्हटले, सारा गाव साक्षीला आहे. उत्तर : ‘गावावर लिहिलेले एखादे छापील पुस्तक आहे का?’ महिनाभर वाट पाहून त्याने वाक्य काढले. काढताना कारणही लिहिले, तेही नम्रपणे. पुढे बोलणे वाढल्यावर कळले, की हे गृहस्थ बारावीच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा होता. माझ्या शेवटच्या तुकडीहूनही लहान!

चिडून का होईना, मी आधार शोधायला निघालो. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात चार दिवस बसलो, छापील साधने चाळली, शकावल्या पाहिल्या. महाराजांचा मुक्काम कोठेच मिळेना. मग गावी गेलो. देवस्थानचे पंच अण्णा यांच्या पेटीत जुने कागद आहेत हे माहीत होते. मोडी वाचायचा सराव सुटलेला. एकेक अक्षर लावत बसलो. सर्वांत जुना कागद निघाला शके १६७५ चा, म्हणजे १७५३ चा : देवळातल्या नंदादीपाच्या तेलासाठी दिलेले वर्षासन. महाराजांना जाऊन तोवर त्र्याहत्तर वर्षे झाली होती. देऊळही बहुधा त्याच सुमारास बांधले असावे, असे त्या कागदावरून दिसते. ज्या देवळात महाराज राहिले ते त्यांच्या वेळी उभे तरी होते का, इथपर्यंत गोष्ट आली.

खरे सांगतो, त्या रात्री मला झोप आली नाही. वर्गात मी ही मुक्कामाची गोष्ट चौतीस वर्षांत किती पोरांना सांगितली असेल! डिचोलीवाल्याने पुस्तके रचली; मी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

निदान नंदादीपाचा कागद तरी लेखात घालावा म्हणून मोठ्या उत्साहाने मुलाला कळवले. तो म्हणाला, “सर, हा कागद कोठे प्रसिद्ध झाला आहे का? नाहीतर वाचणाऱ्याने पडताळून पाहायचा कसा?” इथे मात्र मी हतबुद्ध झालो. राजवाड्यांनी वाईत सापडलेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून आम्हांला एकच शिकवण : अस्सल कागद सर्वांत श्रेष्ठ, बाकी बखरी नि गप्पा. आणि हा मुलगा म्हणतो, अस्सल कागद चालत नाही, छापील पाहिजे! राजवाडे असते तर त्यांनी त्या संगणकाचे काय केले असते, कल्पना करवत नाही. पण विचार केला तेव्हा पोराचे म्हणणे पटले. राजवाड्यांनी तरी काय केले? कागद सापडला की तो छापला, म्हणजे शंकेखोराला पाहता यावा म्हणून. अण्णांच्या पेटीचे कुलूप काही जगासाठी उघडे नाही. आणि कागद खरा की खोटा हे ठरवायला तो मुलगा मोडी शिकलेला नाही, मीही जेमतेमच. ते ठरवावे जाणकारांनी. विकिपीडियाने त्यांचे म्हणणे तेवढे सांगावे. शेवटी एका संशोधन-त्रैमासिकाकडे कागदाचे छायाचित्र आणि वाचन पाठवले. त्यांनी माझ्या वाचनातल्या दोन चुका सुधारून टिपण छापले. मग त्या मुलाने स्वतः होऊन लेखात एक ओळ घातली, नंदादीपाची, खाली त्रैमासिकाच्या पानासकट. माझ्या निवृत्तिवेतनाच्या पहिल्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

गाव मात्र रुसले. गेल्या जत्रेला गेलो तेव्हा अण्णांनी प्रसादाचा नारळ हातावर ठेवता ठेवता म्हटले, “मास्तर, महाराज साडेतीनशे वर्षे आमच्या देवळात होते. तुम्ही एका पावसाळ्यात बाहेर काढलेत.” याला मी काय उत्तर देणार? झाडाला टेकून बसलेली म्हातारी माणसे माझ्याशी बोलली नाहीत. मी तरी कोणत्या तोंडाने बोलणार होतो?

हा लेख दिवाळी अंकासाठी लिहितो आहे हे अण्णांना कळले, तसा परवा त्यांचा फोन आला. अण्णा सातवी शिकलेले, पण विकिपीडियाचा कायदा त्यांनी माझ्याआधी ओळखला. म्हणाले, “मास्तर, त्या पोराला छापील पाहिजे ना? मग तुम्ही छापा की. दिवाळी अंकात एवढे एकच वाक्य घाला, गावाच्या नावासकट. पुढचे आम्ही बघतो.”

वाक्य घातले आहे, वर वाचलेतच. गावाचे नाव घातलेले नाही.